येणे बुडते ते तारखेने

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर बैठकीला आपण कर्जावर बोलतो. सोसायटीचे कर्ज, बँकेचे कर्ज, सावकाराचे कर्ज. आपण कोणाचे किती देणे लागतो हे या मांडवातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. आज आम्ही उलट्या बाजूचा हिशेब मांडणार आहोत. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आपले काय देणे लागतात आणि ते देणे कोणत्या तारखेला बुडते.

हसू नका. देणे लागतात. उन्हाळ्यात तहसीलदाराचा हुकूम येतो आणि तुमची विहीर किंवा बोअर गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी अधिग्रहित होते. गावाला पाणी पाजायला कोणाची ना नाही. पण दिवसाला अमुक रुपये असा दर त्या हुकुमातच लिहिलेला असतो, तुमचे दोन एकराचे ओलीत सुकते आणि पैशासाठी पुढे पंचायत समितीचे हेलपाटे सुरू होतात. पांदण रस्त्यावर मुरूम टाकायला ट्रॅक्टर लावलेला असतो. अंगणवाडीला घराची खोली भाड्याने दिलेली असते. पाणीपुरवठ्याच्या नळावर पोरगा कामाला असतो, त्याचा पगार सहा सहा महिने तुंबतो. पंचायतीच्या छोट्या कामाची अनामत रक्कम काम संपून वर्षे झाली तरी परत मिळत नाही. ही सगळी येणीच आहेत. कडबा छावणीला दिला असेल तर मात्र थांबून बघा. छावणी संस्थेने चालवली असेल तर देणेकरी ती संस्था, सरकार नव्हे. तिचा मार्ग वेगळा.

मुदतीचा एक कायदा आहे. सरकारी मराठीत त्याला परिसीमा अधिनियम, १९६३ म्हणतात. १ जानेवारी १९६४ पासून तो लागू आहे. माल दिला आणि उधारीची मुदत ठरलेली नसली, तर माल दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षे. सांगितल्यावरून काम केले आणि पैसे कधी द्यायचे हे ठरलेले नसले, तर काम झाल्याच्या दिवसापासून तीन वर्षे. भाडे थकले तर ज्या दिवशी देय झाले त्या दिवसापासून तीन वर्षे. मजुरी, तीन वर्षे. ज्या दाव्यासाठी कायद्यात वेगळी मुदत सांगितलेली नाही, त्यालाही तीनच वर्षे.

भाड्याचे लक्षात ठेवा, कारण तिथे लोक हमखास फसतात. अंगणवाडीचे पाच वर्षांचे भाडे थकले म्हणून पाच वर्षांचा एक दावा होत नाही. प्रत्येक महिन्याचे भाडे स्वतंत्र जन्मते आणि स्वतंत्र मरते. आज दावा लावला तर मागच्या तीन वर्षांचे हाती लागेल. त्याआधीचा एकेक महिना आधीच बुडालेला असतो, आणि तुम्ही वाट पाहता आहात तोवर दर महिन्याला आणखी एक बुडतो.

मोजणी अशी. मुरूम १२ मे २०२३ रोजी टाकला. तो दिवस सोडून द्यायचा. तीन वर्षे १२ मे २०२६ ला भरतात. त्या दिवशी कोर्टाला उन्हाळी सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी दावा चालतो, दुसऱ्या दिवशी नाही. अपिलाला उशीर झाला तर माफी मागता येते, दाव्याला उशीर झाला तर ती सोय नाही. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही, तरी न्यायाधीशाने स्वतः तारीख तपासून दावा फेटाळायचा असा कायद्याचा हुकूम आहे. पंचायतीचा वकील झोपला म्हणून आपण वाचलो, असे होत नाही.

आता आजच्या मुद्द्यावर येतो. आमच्याकडे लोक कागदांची पिशवी घेऊन येतात. पिशवीत अर्ज असतात. सरपंचाला अर्ज, ग्रामसेवकाला अर्ज, गटविकास अधिकाऱ्याला अर्ज, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अर्ज, लोकशाही दिनात कलेक्टरला अर्ज, आमदाराला निवेदन. प्रत्येकावर आवक नंबर, गोल शिक्का, तारीख. माणूस अभिमानाने सांगतो, साहेब, चार वर्षांत एकदाही खंड पडू दिला नाही. आणि आम्हाला त्याला सांगावे लागते की, बाबा, त्या सगळ्या शिक्क्यांनी तुझी मुदत एक दिवसानेही वाढलेली नाही.

शिक्क्याची पोच म्हणजे कागद मिळाल्याची कबुली. देणे असल्याची कबुली नव्हे. या दोन कबुल्यांमध्ये तुमचे पैसे बुडतात. आपण मागत राहिलो की हक्क जिवंत राहतो, ही आपली गावातली समजूत. उधारीच्या व्यवहारात ती खरीही आहे, दुकानदार दर बाजाराला आठवण करतो आणि आपण मान डोलावतो. कायद्याच्या लेखी मागणाऱ्याच्या आठवणीला किंमत नाही. मान डोलावणाऱ्याच्या सहीला आहे.

घड्याळ फिरून पहिल्यापासून सुरू कशाने होते? देणेकऱ्याने मुदत संपायच्या आत, लेखी आणि सही करून देणे मान्य केले तर. तसा कागद झाला की त्या तारखेपासून पुन्हा पूर्ण तीन वर्षे मिळतात. किंवा देणेकऱ्याने पैशाचा काही भाग दिला, आणि दिल्याची नोंद त्याच्या हाताची किंवा सहीची असली तर. ह्या दोन गोष्टी. त्या हाती येत नसतील तर तिसरी, मुदतीच्या आत कोर्टात दावा. लोकअदालतीत अर्ज टाकला म्हणून मुदत थांबली असेही समजू नका.

कबुलीचा कागद कसा असावा लागतो याबाबतीत मात्र कायदा आपल्याकडून उदार आहे, आणि ही उदारता कोणी आपल्याला सांगत नाही. त्यात नेमकी रक्कम लिहिलेली नसली तरी चालते. पैसे देण्याची वेळ अजून आलेली नाही, असे लिहिले असले तरी चालते. पैसे देणार नाही असा नकार त्याच कागदात असला तरीही चालते, देणे आहे एवढे त्यातून निघाले म्हणजे झाले. तुमच्याकडे घरपट्टी थकली आहे ती तुमच्या येण्यातून वळती करू, असे लिहिले असले तरी चालते. इतकेच काय, तो कागद तुम्हाला लिहिलेला नसून दुसऱ्याच कोणाला लिहिलेला असला तरी चालतो. सही मात्र स्वतः देणेकऱ्याची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची हवी.

याचा अर्थ नीट समजून घ्या. ग्रामपंचायतीने गटविकास अधिकाऱ्याला पत्र लिहिले की "पांदण रस्त्याच्या मुरमाचे देयक देणे बाकी असून निधी मिळावा", तर ते पत्र तुमच्या कामाचे आहे. ऑडिटच्या शकाला दिलेल्या उत्तरात तुमचे देणे मान्य केले असेल, तर ते उत्तर तुमच्या कामाचे आहे. मासिक सभेचा ठराव, ग्रामसभेचे प्रोसिडिंग, यात तुमच्या बिलाचा उल्लेख देणे म्हणून असेल आणि खाली सही असेल, तर तेही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना नंबर ४ असतो, मत्ता आणि दायित्वांचा. आपल्याला घरपट्टीमुळे नमुना ८ तेवढा माहीत. नमुना ४ कोणी मागून पाहत नाही. पंचायत कोणाचे काय देणे लागते ते तिथे यायला हवे. तुमचे देणे तिथे नसेल, तर पंचायतीने तुम्हाला आत्ताच वहीतून पुसले आहे असे समजा आणि उठून बसा.

म्हणून अर्ज करायची पद्धत बदला. "तरी कृपया पैसे मिळावेत ही विनंती" हा अर्ज पुरे झाला. त्याला उत्तर येत नाही, आणि आले तर "कार्यवाही चालू आहे" असे येते. त्या वाक्यात कबुली शोधायला वकील लागतो. त्याऐवजी विचारा: अमुक तारखेला अमुक काम झाले हे आपल्या मोजमाप पुस्तकात नोंदले आहे काय? त्याचे बिल किती रुपयांचे मंजूर झाले? त्यापैकी किती दिले, किती बाकी आहे? बाकी कोणत्या निधीतून देणार? उत्तर लेखी मागा. साधे मागून मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. २००५ च्या त्या कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मोजमाप पुस्तकाची, मंजूर बिलाची, ठरावाची आणि नमुना ४ ची सहीशिक्क्याची प्रत मागा. ग्रामसेवकाला अलीकडे ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. म्हणू देत, सही त्याचीच घ्यायची आहे.

आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांना जाता तसे जा, पण हात वर करून परत येऊ नका. आपले देणे प्रोसिडिंगात लिहून घ्या आणि पुस्तक बंद व्हायच्या आत वाचून घ्या. गरमागरम चर्चा झाली आणि पुस्तकात एक ओळही उतरली नाही, असे किती वेळा झाले आहे ते तुम्हीच सांगा.

पैशाचा काही भाग आला तर त्याचाही कागद हवा. पूर्वी चेक यायचा, त्यावर सही असायची. आता पैसे परस्पर खात्यात पडतात आणि पासबुकात इंग्रजी अक्षरांची एक ओळ उमटते. ही रक्कम कोणत्या बिलापोटी, बाकी किती, याचे पत्र त्याच आठवड्यात मागून घ्या.

मग अर्ज अगदीच फुकट का? नाही. एका कामाला अर्ज उपयोगी आहे. १९७८ च्या व्याजाच्या कायद्यात असे आहे की लेखी करार नसेल तर ज्या लेखी मागणीत "या तारखेपासून व्याज मागणार आहे" असे लिहिले असेल, त्या मागणीच्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकते. सोसायटी आपल्याला एक दिवस व्याज सोडत नाही. मग आपल्या पहिल्या मागणीपत्रात व्याजाचे वाक्य हवेच. शिक्क्याची पोच तिथे कामाला येते.

काही जण म्हणतील, आमच्याकडे कार्यादेशच नाही, सरपंचाने तोंडी सांगितले आणि आम्ही ट्रॅक्टर लावला. घाबरू नका. आपल्या करार कायद्याचे ७० वे कलम सांगते की फुकट करण्याच्या इराद्याने न केलेले काम दुसऱ्याने स्वीकारले आणि त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. पश्चिम बंगाल सरकारने रीतसर करार झाला नव्हता म्हणून एका बांधकाम पेढीचे पैसे अडवले होते. १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच कलमाने तिच्या बाजूने निकाल दिला. रस्ता गाव वापरते आहे, मुरूम तिथे पडलेला दिसतो. पण मुरूम पडला कोणत्या तारखेला, हे सांगणारा कागद किंवा साक्षीदार तुमच्याकडे हवा. डिझेलची पावती, खदानीची पावती, मोबाईलवरचा फोटो, जे असेल ते सांभाळा.

आता एक खाच. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपरिषद या प्रत्येकाच्या कायद्यात एक कलम दडलेले आहे. "या कायद्याखाली केलेल्या" गोष्टीबद्दल दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्या, नोटिशीचे दिवस भरू द्या, आणि मग तीन वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजायच्या तोकड्या मुदतीत दावा लावा. देणेकरी राज्य सरकार असेल तर दिवाणी प्रक्रियेच्या ८० व्या कलमाची दोन महिन्यांची नोटीस. नोटिशीचे दिवस मुदतीतून वजा मिळतात, एवढा दिलासा आहे. तुमचा वकील म्हणेल की हे साधे उधारीचे येणे आहे, कायद्याखालची कृती नव्हे, तेव्हा तीन वर्षेच. पंचायतीचा वकील म्हणेल, तोकडीच मुदत. त्यांचे भांडण त्यांना करू द्या. आपण तो वाद उभाच राहू नये अशा तारखेला वकिलाकडे जायचे. बिल अडकले की हंगाम बदलायच्या आत.

विहिरींचा हिशेब मुद्दाम वेगळा सांगतो, कारण या मांडवात ते लोक जास्त आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०१९ चा उन्हाळा सगळ्यांना आठवतो. समजा तुमच्या विहिरीचे अधिग्रहण ३० जून २०१९ ला संपले. तीन वर्षे ३० जून २०२२ ला भरली असती. मध्ये कोरोना आला, आणि सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सगळ्या मुदतींतून वगळला. तो धरून त्या विहिरीचे पैसे मागायची शेवटची तारीख गेली जून २०२४ च्या मध्यावर. ज्यांच्याजवळ मधल्या काळातले सहीचे पत्र आहे त्यांचे पुढे सरकले, बाकीच्यांचा दावा संपला. कोरोनाची ती सवलत किती जणांना कळली होती? पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात जून अखेर ज्यांचे अधिग्रहण संपले, त्यांची तीन वर्षे जून २०२७ मध्ये भरतात. तीही महिन्यामहिन्याची मोजली तर एप्रिलचे एप्रिलमध्ये, मेचे मेमध्ये. हुकूम तहसीलदाराचा, बिल पंचायत समितीतून, पैसा टंचाईच्या निधीतून, अशी ही तीन घरची वरात. तेव्हा नोटीस तिघांनाही द्या. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात वर्ष जाते, आणि ते वर्ष तुमच्या खात्यातून जाते.

आता दुसरी बाजू पाहू. आपल्याला तीन वर्षे. केंद्र सरकारला किंवा राज्य सरकारला आपल्यावर दावा लावायचा असला तर किती? तीस वर्षे. १९०८ च्या जुन्या कायद्यात साठ होती, १९६३ मध्ये उपकार म्हणून निम्मी केली. इंग्रजांच्या काळात म्हणत, राजाच्या मागे घड्याळ लावू नये. राजा गेला, घड्याळ तसेच राहिले. शिवाय सरकारला बऱ्याच बाकीसाठी कोर्टाची पायरी चढावीच लागत नाही, शेतसाऱ्याची थकबाकी म्हणून महसूल खाते थेट जप्तीला येते. एवढे मात्र झाले की १९९९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितले, जे कर्ज मुदतबाह्य झाल्यामुळे दाव्याने वसूल होत नाही ते महसुली वसुलीच्या मागच्या दाराने वसूल करता येणार नाही. हे निकाल आपल्याही कामाचे असतात, नुसते वकिलांच्या कपाटात ठेवायचे नसतात.

ग्रामपंचायतीचे तर आणखीच सोपे. तिला ना तीस वर्षे लागतात ना तीन. तुम्हाला दाखला हवा असतो. आधी मागची सगळी घरपट्टी भरा, मग दाखला. तुमचे बिल तिच्याकडे अडले तर तुमच्याकडे अडवायला काय आहे?

याच बाबतीत १९७९ चा सुप्रीम कोर्टाचा एक निकाल ध्यानात ठेवा. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात कोर्टाने म्हटले की, सरकारने आणि सार्वजनिक संस्थांनी नागरिकाचे न्याय्य येणे बुडवायला मुदतीचा मुद्दा पुढे करणे शोभत नाही. त्यांनी तो काढलाच तर कोर्टाला निर्णय द्यावा लागेल, पण एरवी न्याय्य येणे त्यांनी देऊन टाकावे. या निकालाने तुमचा बुडालेला दावा जिवंत होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण ग्रामसभेत, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यापुढे, वर्तमानपत्राच्या पत्रात हे सांगायला जागा आहे. मुदत गेली म्हणजे देणे नाहीसे झाले असे आपला कायदाही म्हणत नाही. फक्त कोर्टाचा दरवाजा बंद होतो. देणे राहतेच.

आणि म्हणून मुदत गेलेल्यांनाही एक फट आहे. करार कायद्याच्या २५ व्या कलमात आहे की मुदतबाह्य झालेले देणे फेडण्याचे वचन देणेकऱ्याने लेखी आणि सहीने दिले, तर ते वचन पक्के, त्यावर नव्याने दावा चालतो. इथे नुसती "देणे होते" ही कबुली पुरत नाही, "देऊ" असे वचन लागते. ग्रामपंचायतीने तसा ठराव करून पत्र दिले तर मेलेले बिल उठून बसते. निवडणुकीच्या आधीचे दोन महिने यासाठी बरे असतात, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

हे सगळे असेच असावे लागते, कायदा म्हणजे असाच, अशी तुमची समजूत व्हायला नको म्हणून एक लांबचे उदाहरण देतो. फ्रान्समध्ये आपल्या ग्रामपंचायतीसारखी संस्था असते, तिला कोम्यून म्हणतात. सरकार, जिल्हा आणि कोम्यून यांच्याकडची येणी किती काळात मागायची यासाठी तिथे ३१ डिसेंबर १९६८ चा खास कायदा आहे. मुदत चार वर्षे, आणि मोजायची ती पुढच्या १ जानेवारीपासून. मे २०२१ मध्ये मुरूम टाकला तर चार वर्षे १ जानेवारी २०२२ ला सुरू होऊन २०२५ च्या अखेरीस संपतात. गावातल्या सगळ्यांची तारीख एकच, ३१ डिसेंबर. तिथला कायदा मऊ आहे असे समजू नका, चार वर्षे गेली की तिथे देणेच संपते. पण तिथे येणेदाराने स्वतः केलेल्या लेखी मागणीने घड्याळ फिरून सुरू होते. साधा अर्ज. तो चुकीच्या कार्यालयात गेला तरी चालतो. कार्यालयाने त्या येण्याबद्दल लिहिलेल्या पत्रानेही मुदत नव्याने सुरू होते. आपले येणे आहे हे ज्याला रास्त कारणाने माहीतच नव्हते, त्याच्याविरुद्ध मुदत धावत नाही. मुदत गेल्यावरही गावची सभा खास कारण लिहून ठराव करून ती माफ करू शकते. आणि मुदतीचा मुद्दा कार्यालयानेच काढायचा, तोही पहिल्या कोर्टाचा निकाल लागायच्या आत. न्यायाधीश आपण होऊन काढत नाही.

आमच्या पिशवीवाल्या माणसाचे चार वर्षांचे शिक्के तिथे सोन्याचे ठरले असते. माणूस तोच, कष्ट तेच, अर्ज तेच. आमची मागणी साधी आहे. मुदत नको असे आम्ही म्हणत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या सरपंचाच्या काळातले बिल आजच्या सरपंचापुढे कोणी टाकले तर तो ते खरे की खोटे कसे तपासणार, आणि गावाचे अंदाजपत्रक कधी मिटणार? मुदत हवी. पण ज्याच्या हातात शिक्का आहे त्याच्याकडे लेखी मागणी पोचली, की मुदत नव्याने मोजावी. स्थानिक संस्थांच्या कायद्यांत एवढी एक ओळ घाला, हे आपण प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला विचारायचे आहे.

जमिनीचे वेगळे आहे, त्यावर थोडक्यात. रस्त्याला, पाझर तलावाला जमीन गेली, भूसंपादन झालेच नाही आणि मोबदलाही नाही, अशी प्रकरणे गावोगाव आहेत. तिथे "तीन वर्षे गेली" म्हणून घरी बसू नका. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये रस्त्याला गेलेल्या जमिनीबद्दल एका अशिक्षित विधवा बाईंना सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये भरपाई देवविली. उशीर झाला हे सरकारचे म्हणणे कोर्टाने ऐकले नाही, कायद्याशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही हे घटनेचे ३०० अ कलम दाखवले. आपल्या राज्यातही औद्योगिक विकास महामंडळासाठी गेलेल्या जमिनीच्या प्रकरणात २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने असाच निकाल दिला. हा मार्ग हायकोर्टात रिट अर्जाचा. जमिनीचा न्याय मुरमाच्या बिलाला लावायला जाऊ नका, तिथे तो चालणार नाही.

शेवटी, ज्यांना हे सांगणे सगळ्यात अवघड जाते त्यांच्याविषयी. आपल्या भागात घरधनी अचानक गेलेली घरे किती आहेत हे मांडवातल्या कोणाला सांगायला नको. दिवस घालतात, बँकेचा माणूस येतो, सावकाराचा येतो, देण्याच्या चिठ्ठ्या एकेक करून दारात उभ्या राहतात. येण्याच्या चिठ्ठ्या मात्र पत्र्याच्या पेटीत तशाच पडून राहतात. आणि कायदा सांगतो की एकदा धावायला लागलेली मुदत येणेदाराच्या मरणानेही थांबत नाही. वारस लहान आहेत म्हणूनही थांबत नाही. नवरा मुरूम टाकून दोन वर्षांनी गेला असेल तर त्या माउलीच्या हातात एकच वर्ष उरते, आणि ते कसे जाते ते आपण बघतो.

तेव्हा गावातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी अशा घरी जाताना सांत्वनाबरोबर एक काम करायचे. त्या बाईंच्या परवानगीने, त्यांच्या समोर, पेटीतले कागद काढून बघायचे. विहीर अधिग्रहणाचा हुकूम, मुरमाची चिठ्ठी, अनामतीची पावती. वारसाचा दाखला मिळायचा आहे म्हणून थांबायचे नाही. तलाठ्याकडची वारस नोंद यासाठी पुरत नाही, दिवाणी कोर्टाचे वारसा प्रमाणपत्र लागते. पण ते निकाल मिळायच्या आधी हजर केले तर चालते, दावा त्याच्या आधी लावता येतो. बाईमाणसाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ चा कायदा आहे, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करायचा. इतर गरिबांनाही उत्पन्नाच्या मर्यादेत तो मिळतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक वही आणायची आहे. गावातल्या प्रत्येक येण्याला एक ओळ. काम कोणते, काम संपल्याची तारीख, रक्कम, शेवटचा सहीचा कागद कोणत्या तारखेचा, आणि तीन वर्षे कधी भरतात. ज्यांची तारीख येत्या सहा महिन्यांत पडते त्यांच्या ओळीवर लाल खूण करा. त्या लोकांना स्वतः घेऊन या, मूळ कागद घरी ठेवून झेरॉक्स आणायला सांगा. बैठकीला वकील मंडळी येणार आहेत, लाल खुणेची प्रकरणे आधी घेऊ.